परवलीचा शब्द आणि गाफील पहारेकरी

गडाचा दरवाजा बंद झाला, की परवलीचा शब्द सांगितल्यावाचून पहारेकरी कोणासही आत घेत नसे. तो शब्दच गावभर झाला, तर दरवाजाचे लोखंड काय कामाचे?

पोटासाठी खानदेशातून सुरतेस येऊन नवागामात स्थिरावलेल्या आमच्या बांधवांचा गावाशी असलेला धागा आज फेसबुक-इन्स्टाग्रामच्या खात्यांतून जातो. असे खाते भामट्याच्या हाती गेले, तर तो आपल्या नावाने धुळ्याच्या मामांकडे इस्पितळाचा खर्च मागतो आणि मामा भाच्यावरील विश्वासाने पैसे पाठवितात. लुटले जातात मामा. पण डाग लागतो तो आपल्या नावास!

हे भामटे कोणी मोठे यंत्रपंडित नव्हेत. आठ आकड्यांच्या जुळण्या दहा कोटी होतात. परंतु जन्मतारीख निवडली, की शंभर वर्षांचे दिवस अवघे साडेछत्तीस हजार. त्यात वाढदिवसाची छायाचित्रे आपणच चव्हाट्यावर मांडलेली! 2008 साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची याहूवरील टपालपेटी एका विद्यार्थ्याने फोडली, ती जन्मतारखेसारखी सर्वज्ञात उत्तरे देऊनच. 2009 साली रॉकयू या कंपनीकडून 3 कोटी 20 लाख परवलीचे शब्द फुटले, तेव्हा एक ते सहा हे आकडे ओळीने लिहून निश्चिंत झालेले सुमारे 2 लाख 90 हजार लोक आढळले.

सरकारने व कंपन्यांनी बंदोबस्त करावा, असे कोणी म्हणेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-सी कलमान्वये दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद व 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा चोरीनंतर धावतो. वारंवार चुकणाऱ्यास कंपन्या अडवितात. पहिल्याच खेपेस अचूक शब्द सांगणाऱ्यास त्या कशा अडविणार?

म्हणून आमचे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे : मुलांची नावे, वाहनांचे क्रमांक, जन्मतारखा आजच बदला. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. प्रत्येक खात्यास निराळी परवल ठेवा. दुहेरी पडताळणी चालू करा आणि भ्रमणध्वनीवर येणारे अंक सख्ख्या भावासही सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवा.

परमुलखात माणसाची पत हीच त्याची पुंजी. तिच्या दरवाजावर पहारा आपला आपणच केला पाहिजे!