देणगीचे यंत्र आणि गुरुजींची गरज

शाळेला देणगी देणे ही आपल्या व्यापारी वर्गाची जुनी चाल आहे. कोणत्याही जुन्या शाळेच्या भिंतीवरील फरशी वाचावी, तीवर आपल्यापैकी कोणाच्या तरी आजोबांचे नाव सापडतेच. पूर्वी आपण खोल्या बांधून दिल्या, बाके दिली, पिण्याच्या पाण्याची टाकी दिली. आता संगणक, प्रोजेक्टर, टॅब देऊ लागलो आहोत. काळाप्रमाणे देणगीची वस्तू बदलली हे योग्यच झाले. परंतु देण्याची रीत मात्र बाकांच्याच काळातली राहिली आहे, आणि ती या नव्या वस्तूंना मानवत नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

हे मत पुस्तके वाचून झालेले नाही. आमच्याच हातून घडलेल्या चुकीतून झाले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मंडळींनी मिळून सीमाभागातील एका मराठी शाळेस प्रोजेक्टर, संगणक व पडदा दिला. समारंभ झाला, हारतुरे झाले, छायाचित्र निघाले. तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या शाळेत जाण्याचा योग आला. सहज चौकशी केली, तेव्हा ती सारी यंत्रे जुन्या चादरीत गुंडाळून कुलूपबंद कपाटात ठेवलेली आढळली. पहिल्याच पावसाळ्यात विजेच्या चढउताराने प्रोजेक्टरचा दिवा गेला. एक दिवा गुरुजींनी पदरच्या पैशाने आणला; दुसरा आणण्याची ऐपत नव्हती. शाळेच्या हिशेबात त्यासाठी खातेच नव्हते. शिवाय वस्तू देणगीची. अधिक बिघडल्यास जाब कोण देणार, या भीतीने तिला कुलूप लागले.

आमच्या मनात आले की, शिक्षकांना आस्था नाही. पण गुरुजी शांतपणे म्हणाले, “सावकार, रागावू नका. आणण्यापूर्वी एकदा विचारले असते, तर मी एक चांगला स्पीकर आणि एक इन्व्हर्टर मागितला असता. माझ्या पहिली-दुसरीच्या मुलांना आधी नीट ऐकायला मिळाले पाहिजे.” या बोलण्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुकानात गिऱ्हाईक आले की आपण प्रथम विचारतो, काय हवे? शाळेत मात्र आम्ही न विचारताच माल टाकून आलो होतो!

ही चूक आमच्या एकट्याची असती, तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. पेरू देशाने हजारो ग्रामीण मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप दिला. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी तेथील ३१९ प्राथमिक शाळा पाहून २०१२ साली निष्कर्ष काढला की, मुलांच्या हाती यंत्रे आली, त्यांचा वापरही वाढला. पण गणित व भाषा यांच्या गुणांत काही वाढ दिसली नाही. उलट केरळ राज्याने २०१८ पासून सुमारे ४५,००० वर्गखोल्या यंत्रसज्ज केल्या, त्या वेळी यंत्रांबरोबर पाच वर्षांची हमी, दुरुस्तीची व्यवस्था आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचीही तरतूद केली. यंत्र दोन्हीकडे होते. यंत्राच्या मागे उभे राहण्याची तयारी केरळने आधीच केलेली होती.

यावर कोणी म्हणेल की, हे काम सरकारचे आहे. ते सरकारचे आहे यात शंका नाही, आणि सरकार काहीच करीत नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या शालेय माहितीनुसार २०२४-२५ साली देशातील सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आणि सुमारे ६३ टक्के शाळांत इंटरनेट होते. पाठांची सामग्री देण्यासाठी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. शाळेने आपली गरज नोंदवावी आणि नागरिकांनी ती भागवावी, यासाठी ‘विद्यांजली’ची नवी व्यवस्था २०२१ मध्ये झाली. पण सरकारी योजना वर्गाच्या दारापर्यंत येते. दाराच्या आत एकटा शिक्षक असतो. तार तुटली, बॅटरी बसली, पाठ उघडेना, तर चाळीस मुलांसमोर उभा असतो तो तोच. त्याच्या हाकेला ओ देण्यास कोणी जवळचेच हवे, आणि गावात बाजारपेठेइतके जवळचे दुसरे कोण आहे?

आपल्या भागात तर आणखी एक अडचण आहे, जी देणगीदाराच्या ध्यानीही येत नाही. कर्नाटकातील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके कर्नाटकाची. मराठीतील तयार ध्वनिफिती, चित्रफिती व सराव यांचा मोठा भाग महाराष्ट्राच्या ‘बालभारती’च्या पुस्तकांना धरून. पाठांचा क्रम जुळत नाही, कविता वेगळ्या, उदाहरणे वेगळी. मग शिक्षक रात्री बसून हवे ते निवडतो, नको ते वगळतो, उरलेले स्वतःच्या आवाजात भरून काढतो. या श्रमाची पावती कोठेही फाडली जात नाही. आपण दिलेल्या यंत्राची किंमत फरशीवर कोरली जाते, आणि त्याच्या शेकडो तासांची नोंद कोणत्याच वहीत नसते.

शिक्षकाच्या बुद्धीने लहानसे साधनही केवढे काम करते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे घडले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली, आणि २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही आपण व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हा चौकोनी संकेत १९९४ साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला. आज तोच आपल्या गल्ल्यावर चिकटवलेला असतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे जमा करतो. आपल्याला त्यात जमा दिसली. शिक्षकाला त्यात कविता दिसली. म्हणूनच काय हवे ते शिक्षकाने सांगावे आणि आपण ऐकावे, हा क्रम आम्हास योग्य वाटतो.

ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिची वसतिगृहे चालली ती घरोघरच्या मूठभर धान्यावर. आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या ताटात अन्न वाढले. इमारत एकदा बांधता येते, पण मुलांना जेवण रोज लागते, हे त्या माउलीने ओळखले होते. यंत्रालाही त्याचा रोजचा घास लागतो. तो घास म्हणजे वीज, दुरुस्ती, आणि ते चालविणाऱ्याचा वेळ.

तेव्हा आमची सूचना एवढीच आहे. शाळेला यंत्र देण्यापूर्वी संघाच्या दोघा सभासदांनी वर्गात जाऊन एक तास बसावे आणि शिक्षकाला विचारावे की, मुलांना काय येत नाही आणि त्यासाठी काय हवे. देणगीच्या दर शंभर रुपयांतील पंचवीस रुपये खरेदीत न घालता पाच वर्षांच्या देखभालीसाठी वेगळे ठेवावेत. आपल्यात विजेच्या सामानाचे दुकानदार आहेत, संगणक विकणारे आहेत. त्यांनी प्रत्येकी एक शाळा आपली मानावी, आणि बिघाडाचा निरोप आला की दोन दिवसांत माणूस पाठवावा. मोडतोड झाल्यास शिक्षकाकडे जाब मागितला जाणार नाही, असे लेखी द्यावे. कपाटाचे कुलूप त्याखेरीज निघावयाचे नाही. आणि शिकण्यासाठी शिक्षक परगावी जात असेल, तर त्याचे प्रवासभाडे ही देखील देणगीच समजावी.

दुकानातील काट्याची मुदतीप्रमाणे तपासणी करून त्यावर शिक्का घेतल्यावाचून आपण माल तोलीत नाही. गोदामातील यंत्राचा घसारा आपण दरसाल न चुकता लिहितो. मग शाळेला दिलेल्या यंत्राचीच तेवढी चौकशी का करू नये? दिवाळीत वहीपूजन झाले की एक सकाळ काढून आपण दिलेली वस्तू पाहून यावी. ती चालू असेल, तर मुलांबरोबर बसून एक पाठ ऐकावा. बंद असेल, तर ते आपल्याच नावे लिहावे.

त्या शाळेस आम्ही यंदा स्पीकर आणि इन्व्हर्टर दिला आहे. समारंभ केला नाही. प्रोजेक्टरचा दिवाही बसविला आहे, आणि कपाटाची किल्ली आता गुरुजींच्या खिशात असते.