सचिवाचा फॉर्म कोण भरणार?

अंक दीड महिना उशिरा तुमच्या हातात पडतोय. कागद महागला, गोदीत ओव्हरटाइम लागला, ही नेहमीची रड आहेच. पण या खेपेचं कारण वेगळं. सिरसाळ्याहून यायचा मजकूर आलाच नाही. तिथला आपला दोस्त विद्यार्थी संघटनेचा सचिव. तीनदा फोन केला, तिन्हीदा एकच उत्तर : "दादा, रातच्याला लिहितो." शेवटी रातपाळी संपवून परळीची गाडी धरली. दोन दिवस त्याच्यामागं हिंडलो. त्याच्या वाट्याला रात्रच येत नाही, हे डोळ्यांनी बघून आलो.

सकाळी सातला दारात दोन पोरी. भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म. जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा नाही. तो तहसीलचा, म्हणजे परळीला जा. एस.टी.नं परत येतो तर एकाचं खातं आधारला जोडलेलं नाही. दुसऱ्याचा बाप दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेला, सही कुठून आणायची? जात पडताळणी बीडला. दुपारी वसतिगृहातल्या पाणचट डाळीची तक्रार. संध्याकाळी एका पोरीचं घर. शाळा सोडवून तिचं लग्न लावायचं घाटतंय, जोडी झाली की मुकादम उचल देतो. तिच्या चुलत्यासमोर हा तासभर बसून राहिला. बोलला कमी, उठला नाही. रात्री अकराला महाडीबीटीची साइट जरा हलायला लागते, तेव्हा फॉर्म भरायला बसतो.

ही सचिवगिरी. पुढाऱ्याच्या जीपमध्ये हात हलवत बसायची नव्हे.

आता या पदाची सरकारदरबारी किंमत बघा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 ला झाला. घरं जळाली, माणसं मेली, आणि साडेपंधरा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्याच 1994 साली राज्यात नवा विद्यापीठ कायदा आला नि कॉलेजातली थेट निवडणूक गेली. वर्गात मार्कांनी पहिला तो प्रतिनिधी. म्हणजे वेशीवर नाव आलं, आतलं मत गेलं. निवडणुकीत गुंडगिरी होती, खूनही पडला, हे खरं. पण गुंड हाकलायचे सोडून मतपेटीच हाकलली. निम्मं वर्ष फडात काढणारं पोरगं मार्कांत पहिलं कसं येणार? 2016 च्या कायद्यानं थेट निवडणूक परत दिली, परिषदेत राखीव प्रवर्गाला जागाही ठेवली. 2019 ला निवडणूक लागली नि पुढं ढकलली. आपल्या दोस्ताला सचिव केलं ते पोरांनी, सरकारनं नव्हे. त्याला ना खोली, ना भत्ता.

दुसऱ्या रात्री सहज विचारलं, "तुझा फॉर्म भरलास का रे?"

तो हसला. "राहिलाच, दादा." मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली. चाळीसेक पोरांचे फॉर्म भरले, त्यात स्वतःचा नव्हता. मुदत वाढली तर ठीक, नाहीतर वर्षाची फी त्याच्या आईच्या मजुरीतून.

मित्रहो, तिथं माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही, आपल्यावर. गोदीत एकट्याच्या पाठीवर जादा गोण चढवली तर अख्खी गँग हूक खाली टाकते. आणि आपण? एक राबणारा सापडला की सगळ्या गोण्या त्याच्याच पाठीवर, वर 'लढाऊ साथी' म्हणून टाळ्या. त्याचं वर्ष बुडालं की त्यालाच त्याग म्हणायचं. कसला त्याग? ही आपली आळशीगिरी आहे. बाबासाहेबांनी 'शिका' पहिलं सांगितलं. ते काय सचिव सोडून बाकीच्यांना होतं?

हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचं काम करणारा रोहित वेमुला. त्याची फेलोशिप अडकली, वसतिगृहातून बाहेर काढलं. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. मग आपण देशभर मोर्चे काढले. काढायलाच हवे होते. पण माणूस जिवंत असताना त्याला 'तुझं कसं चाललंय' विचारणं, हीसुद्धा चळवळच आहे.

मी मॅट्रिकला थांबलो. बुद्धी नव्हती म्हणून नाही. कुठला कागद कुठं द्यायचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा असा एक सचिव भेटला असता तर आज कदाचित हे हात फक्त पेन धरत असते.

म्हणून शहरातल्या दोस्तांनो, सरळ सांगतो. महाडीबीटीचा फॉर्म सिरसाळ्यातच बसून भरावा लागतो असं नाही. तुमच्याकडं मोबाईल आहे, लाइट आहे, नेट आहे. दर महिन्याला कवितांचा ढीग येतो, आनंद आहे. पुढच्या खेपेला कवितेबरोबर चिठ्ठी पाठवा : मी पाच पोरांचे फॉर्म घेतो. दहा जणांनी पाच-पाच घेतले तर पन्नास होतात. एवढा हिशेब मॅट्रिकवाल्यालाही जमतो.

निवडणुकीसाठी भांडायचंच आहे. पण तोवर त्याच्या पाठीवरची एकेक गोण उतरवा.

आणि हो, पहिला फॉर्म त्याचा. मुदत वाढते का बघतोय. तो मी घेतलाय.