गोठ्यांतील शेळी आणि बाजारांतील काटा

कोरडवाहू शेतकऱ्यानें गाई-बैलांशेजारीं दोन शेळ्या बांधल्या कीं शहाणे लोक नाक मुरडतात. शेळी म्हणजे झाडांचा काळ, असा तिजवर आरोप आहे. तो सर्वस्वीं खोटा नव्हे. पण खरा अपराधी तिला मोकाट सोडणारा धनी होय. गाय मुख्यतः गवत खाते, शेळी बाभळीचा नि सुबाभळीचा पाला. एकीचा घास दुसरी फारसा हिरावीत नाहीं. गाय गाभण राहिल्यावर नऊ महिन्यांनीं विते, शेळी पांच. अडचणींत बैलास हात न लावतां मुलाची फी भागते ती शेळीवरच.

परंतु बाजारांत काय होतें? उस्मानाबादी बोकडाचें मोल आजही बहुधा नजरेच्या अंदाजानें ठरतें. गूळ आणि कापूस तोलून घेणाऱ्या व्यापारी बंधूंस आम्ही विचारतों : गरिबाच्या बोकडासच तराजू कां नको? शेतकऱ्यानें शेळी बांधून पाळावी, पीपीआर रोगाची लस वेळेवर टोंचून घ्यावी. व्यापाऱ्यांनीं आठवडे बाजारांत काटा मांडावा. दोघांनीं आपापलें कर्तव्य केलें, तर वाईट वर्षींहि बैल विकण्याची पाळी पुष्कळ घरांवरून टळेल.