पोकळीतला विकास

महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना २०१८ साली एक साक्षात्कार झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईतील उद्योगपतींच्या मेळाव्यात ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या कंपनीशी करार झाला आणि हवा काढून घेतलेल्या नळीतून मुंबई-पुणे प्रवास सुमारे २५ मिनिटांत घडेल, अशी द्वाही फिरली. त्याच्या जेमतेम पाच महिने आधी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, याच मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली होती. ज्यांना साधा रुंद पूल वेळेवर मिळाला नाही, त्यांना वायुवेगाचे स्वप्न दाखविण्यात आले!

२०१९ मध्ये मंत्रिमंडळाने या योजनेला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. एकूण खर्च ७०,००० कोटी रुपये. त्यापैकी पहिल्या ११.८ किलोमीटरसाठी ५,००० कोटी. पैसा खासगी कंपनीचा, मग तक्रार कशाला, असा युक्तिवाद झाला. परंतु भांडवल खासगी असले तरी जमीन जनतेची असते, आणि ‘सार्वजनिक’ या शिक्क्याचा उपयोग जमिनीचे दरवाजे उघडण्यासाठीच होतो. नफा खासगी आणि शिक्का सार्वजनिक, हीच भांडवली विकासाची जुनी रीत आहे.

मुळात ही वाहतूक कोणासाठी? इलॉन मस्क यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात एका कुपीत २८ प्रवासी होते. गर्दीच्या वेळी दर ३० सेकंदांना एक कुपी सोडली, तरी एका दिशेने तासाला ३,३६० प्रवासी जातात. मुंबईची एक खच्चून भरलेली लोकल याहून अधिक माणसे एका फेरीत वाहून नेते. तेव्हा ही जनतेची वाहतूक नव्हे; ज्यांचा वेळ बाजारात महाग विकला जातो, अशा मूठभरांची ती सोय आहे.

तंत्राच्या अडचणीही लहान नाहीत. नळीतील दाब वातावरणाच्या सुमारे एक-सहस्रांशावर आणला की बाहेरची हवा तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांच्या भाराने रेटते. शंभर किलोमीटरांची पोलादी नळी उन्हात प्रसरण पावणार. तरी तिचा एकही सांधा गळता कामा नये. शिवाय मध्येच कुपी अडली तर आतील माणसांना बाहेर कसे काढायचे? या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष मार्गावर मिळण्यापूर्वीच करार झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात कंपनीचे दोन कर्मचारी ५०० मीटरच्या नळीतून ताशी सुमारे १७२ किलोमीटर वेगाने गेले. पुढे २०२२ मध्ये प्रवासी वाहतुकीचा नाद सोडून कंपनी मालवाहतुकीकडे वळली, शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना तिने घरी पाठविले आणि २०२३ च्या अखेरीस तिने गाशा गुंडाळला. मुंबई-पुण्याच्या दरम्यान एक खांबही उभा राहिला नाही.

यावर समाजवादी मंडळी विज्ञानविरोधी आहेत, असा ठरावीक आरोप होईल. तो खोटा आहे. मद्रासच्या आयआयटीत रेल्वे मंत्रालयाच्या अर्थसाह्याने सुमारे ४०० मीटरची चाचणी-नळी उभी राहिली आहे. सार्वजनिक संस्थेत असे संशोधन अवश्य व्हावे, त्याचे यशापयश लोकांसमोर यावे. विरोध आहे तो संशोधनाला नव्हे, तर प्रयोगशाळेतील शक्यतेला निवडणुकीचे आश्वासन बनविण्याला. बोरघाटाचा लोहमार्ग हजारो मजुरांच्या प्राणांच्या मोलाने १८६३ मध्ये पुरा झाला. त्या मार्गावरून आजही सामान्य माणूस परवडणाऱ्या तिकिटात जातो. वेगाची खरी कसोटी हीच आहे.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसे खाली पडून मेली. ती कामावर निघालेली माणसे होती. त्यांना २५ मिनिटांत पुणे गाठायचे नव्हते. जिवंत पोहोचायचे होते. म्हणून कार्यकर्त्यांनी स्थानकास्थानकांवर आणि एसटीच्या आगारा-आगारांत एकच मागणी लावून धरली पाहिजे: आधी जादा गाड्या, रुंद पूल आणि गावोगावी धावणारी एसटी, राज्यकर्त्यांच्या पोकळ नळ्या त्यानंतर!