दिवाणखान्यातील टीव्ही आणि पेढीचा हिशेब



पूर्वी चोपडी दुकानाच्या गादीवर असे आणि टीव्ही घराच्या दिवाणखान्यात. दोघांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. आता चोपडी संगणकात गेली आहे. दुकान वाढवल्यावर उरलेले हिशेब घरी बसून लिहिले जातात, आणि लॅपटॉपच्या लहानशा पडद्यासमोर डोळे बारीक करून बसलेल्या वडीलधाऱ्यांना पाहून तरुण मंडळी सहज म्हणतात, "भिंतीवर एवढा मोठा टीव्ही आहे, त्यालाच जोडूया की!" सूचना वावगी नाही. नवी वस्तू आणण्यापूर्वी घरात आहे तिचा उपयोग पाहावा, हे परिग्रहाचे परिमाण बाळगणाऱ्या घरांना निराळे सांगायला नको. परंतु टीव्ही चित्रपट दूरून पाहण्यासाठी घडवलेला असतो आणि हिशेबाचे अक्षर जवळून वाचायचे असते. सारा घोळ या फरकातून निर्माण होतो.

जोडणी सोपी आहे. एचडीएमआयची वायर दोन्हीकडे लावावी, टीव्हीच्या रिमोटने योग्य इनपुट निवडावे, आणि विंडोजचे चिन्ह असलेली कळ व 'पी' ही कळ एकत्र दाबून पडदा कसा वाटायचा ते ठरवावे. आवाजही त्याच वायरीने जातो.

चित्र उमटले की प्रथम चारही कडा पाहाव्यात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा ओबडधोबड असत, म्हणून चित्र किंचित मोठे करून कडा चौकटीआड लपवण्याची पद्धत पडली. नळी गेली तरी ही सवय अनेक सपाट पडद्यांत शिल्लक आहे. चित्रपटात कडेचे झाड गेले तर बिघडत नाही. खातेवहीत मात्र बेरजेची ओळ नेमकी तळाशी असते. एलजीच्या संचांत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या अनेक संचांत 'स्क्रीन फिट' अशा नावाने यावरचा उपाय चित्राच्या आकाराच्या यादीत सापडतो.

दुसरी खोड रंगांची. चित्र हलके व्हावे म्हणून टीव्ही पुष्कळदा शेजारच्या ठिपक्यांत एकच रंग वाटून देतो. माणसाच्या चेहऱ्यावर हे कळत नाही, पण लाल अक्षरांच्या कडा पसरतात. आणि वजा शिल्लक लाल रंगात दाखवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. बऱ्याच संचांत त्या इनपुटला 'पीसी' असे नाव दिले की रंग ठिपक्यागणिक स्वच्छ उमटतात. धारदारपणा, म्हणजे 'शार्पनेस', अगदी खाली आणावा. तो वाढवला की अक्षराभोवती पांढरी किनार येते. फोर-के टीव्हीवर माउसचा बाण रेंगाळत असेल, तर चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत आहे का ते तपासावे. जुन्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा तेवढीच आहे.

आता मुख्य गोष्ट. पडदा मोठा म्हणजे त्यावर अधिक मावते, ही समजूत खोटी आहे. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर आणि ३२ इंची फुल एचडी टीव्हीवर ठिपके सारखेच, १९२० गुणिले १०८०. मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, टीव्हीवर ६९. आणि ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीवर तर अवघे ४९. ठिपके डोळ्यांत खुपू नयेत म्हणून निकोप दृष्टीच्या माणसाने पहिल्यापासून सुमारे तीन फूट, दुसऱ्यापासून चार आणि तिसऱ्यापासून जवळजवळ सहा फूट दूर बसावे लागते. सहा फुटांवर बसून कोणी हिशेब लिहीत नाही. म्हणून एचडी रेडी टीव्ही या कामातून वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ४३ इंची फोर-के संचावर मात्र इंचात सुमारे १०२ ठिपके येतात. तो टेबलामागे ठेवायला जागा असेल तर उत्तम चालतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. पसरट ठिपक्यांत ३ आणि ८, ५ आणि ६ यांत गल्लत होते. जीएसटी क्रमांकाच्या १५ वर्णांत शेवटचा वर्ण पडताळणीचा असतो, त्यामुळे तेथील चूक बहुधा अडवली जाते. रकमेला असा पहारेकरी नाही. ३,४५० चे ८,४५० झाले तर ते ग्राहकाच्या दारात वसुलीला गेल्यावर कळते, आणि पेढीची पत वर्षानुवर्षांच्या बिनचूक बिलांवर उभी असते.

डोळ्यांबरोबर मानेचाही विचार व्हावा. चाळिशीनंतरच्या अनेकांच्या चष्म्यात जवळचे वाचण्याचा भाग तळाशी असतो. भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही जवळून वाचायला अशा माणसाला हनुवटी वर करावी लागते; तासाभरात मान धरते आणि दोष चष्म्यावर जातो. पडद्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खालीच हवी. ओएलईडी संच असेल, तर एकच चौकट रोज तासन्‌तास ठेवल्याने तिचा कायमचा ठसा उमटू शकतो, हेही ध्यानात असावे.

आणखी एक. दिवाणखान्यात पाहुण्यांची ये-जा असते. कोणाची किती उधारी थकली आहे, हे ४३ इंची अक्षरांत दारातून दिसणे शोभत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत दुसऱ्याची अब्रूही नोंदलेली असते.

चातुर्मासात टीव्ही न पाहण्याचा नियम घेतलेल्या घरी त्याच पडद्यावर हिशेब चालेल का? नियमाचा रोख करमणुकीवर असतो असे मला वाटते. परंतु पच्चक्खाण ज्यांच्याकडून घेतले त्या गुरुभगवंतांनाच विचारणे योग्य.

भिंतीत भोके पाडण्यापूर्वी एक संध्याकाळ प्रयोग करावा. गेल्या महिन्याची खातेवही पडद्यावर उघडावी, घरातील ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून २० रकमा मोठ्याने वाचायला सांगाव्यात, आणि दुसऱ्याने त्या छापील प्रतीवर ताडून पाहाव्यात. एकही चुकली तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करून पुन्हा वाचून घ्याव्यात. तरीही अडखळत असतील, तर टीव्ही आपल्या जागी राहू द्यावा आणि टेबलावर २४ इंची मॉनिटर आणावा.