हॅक म्हणू नका

मँगो मार्केट्सचा विषय निघाला की माझा एक मित्र हमखास म्हणतो, "अरे, हॅक झालं ते." तो स्वतः क्रिप्टो कंपन्यांसाठी कोड लिहितो, म्हणून मी ऐकून घेतो. पण त्या शब्दाची मला चीड आहे. कुणी पासवर्ड चोरला नाही, कुलूप तोडलं नाही. दार उघडंच होतं, आणि ते उघडं ठेवणारे "हॅक" या शब्दामागे आरामात लपतात.

झालं ते असं. मँगो मार्केट्स हा सोलाना ब्लॉकचेनवरचा प्लॅटफॉर्म होता. पैसे ठेवा, तारणावर कर्ज घ्या, वायदे करा. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही, सगळा कोडचा कारभार. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी अव्राहम आयझेनबर्ग यानं तिथं दोन खाती वापरली, प्रत्येकात ५० लाख डॉलर. एका खात्यानं मँगोच्याच टोकनचे ४८ कोटींहून जास्त वायदे विकले, दुसऱ्यानं तेच विकत घेतले. उजव्या खिशातून डाव्या खिशात. मग बाहेरच्या एक्सचेंजेसवर त्यानं ते टोकन धडाधड विकत घेतलं. तिथली उलाढाल इतकी तुटपुंजी, की चार सेंटांच्या आतला भाव बघता बघता ९१ सेंटांवर गेला. दुसऱ्या खात्यावर ४० कोटी डॉलरच्या वर नफा दिसू लागला, अर्थात कागदोपत्री. तोच तारण धरून त्यानं ११ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उचलली. ठेवीदारांची. मग भाव कोसळला, तारण हवेत विरलं. आता कर्ज फेडायला कोण येतंय?

कोडला बाहेरचा बाजार दिसत नाही. तिथला भाव आणून सांगणारा जो निरोप्या लागतो, त्याला ऑरॅकल म्हणतात. गंमत अशी की इथं ऑरॅकल खोटं बोललंच नाही. त्या क्षणी भाव खरोखर तेवढा होता. खोट विचारणाऱ्याच्या प्रश्नात होती. "भाव काय?" एवढंच विचारलं. "या भावानं एवढा माल खपेल का?" हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

गावात मी माझा एक गुंठा मेव्हण्याला वीसपट दरानं विकला आणि ते खरेदीखत दाखवून उरलेल्या जमिनीवर कर्ज मागितलं, तर कुठला मॅनेजर देईल? (देतात काही. पण त्याला आपण घोटाळा म्हणतो, मॅनेजरसकट.)

मित्राचं उत्तर ठरलेलं: तंत्रज्ञान नवीन आहे, चुका होणारच. नवीन कसलं? फेब्रुवारी २०२० मध्ये बीझीएक्स हा प्रोटोकॉल असाच भाव फुगवून लुटला गेला होता. उपायही माहीत होते. क्षणाच्या भावाऐवजी काही काळाची सरासरी घ्या, कमी उलाढालीच्या टोकनवर कर्जाला मर्यादा घाला, न वटलेला नफा तारण धरू नका. यात रॉकेट सायन्स नाही. पण मर्यादा घातल्या की गिऱ्हाईक कमी येतं, हे खरं दुखणं.

आयझेनबर्ग साळसूद होता असं मी म्हणत नाही. आपण केलं ते कायदेशीर आणि प्रोटोकॉलच्या रचनेनुसारच होतं, असं त्यानं जाहीरपणे लिहिलं. निर्लज्जपणाच तो. पण हाच युक्तिवाद त्याला शिकवला कुणी? "कोड हाच कायदा" म्हणत फिरणाऱ्यांनीच ना? त्याहून कहर म्हणजे मँगोच्या टोकनधारकांनी मतदान करून त्याला ४.७ कोटी डॉलर ठेवून घेऊ दिले. त्यानं सुमारे ६.७ कोटी परत केले. फौजदारी कारवाईच्या मागे लागणार नाही, हेही त्याच ठरावात.

तरी सरकारनं त्याला डिसेंबर २०२२ मध्ये अटक केली. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं दोषी ठरवलं. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. काही आरोपांचा खटला न्यूयॉर्कमध्ये चालवणंच चूक होतं, आणि उरलेल्या आरोपात त्यानं मँगोला खोटं सांगितल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजर काढून टाकला की खोटं सांगणार तरी कुणाला?

परवा मित्रानं नवं ॲप दाखवलं, व्याज बँकेच्या तिप्पट. मी विचारलं, "हे भाव कुठून घेतात?"

"बघून सांगतो," म्हणाला. पैसे मात्र त्यानं आधीच टाकले होते.