लग्नपत्रिकेचे अर्थकारण

तुळशीची लग्ने लागली, की शिवाजी पेठेतल्या घराघरांत पत्रिकांच्या नमुन्यांचे गठ्ठे उघडले जातात. वधूपित्याला साधी एकघडीची पत्रिका पुरेशी वाटते. मुलांना पेटीतली, मखमली वेष्टनाची, सोनेरी वर्खाची हवी असते. आणि शेजारच्या गल्लीत गेल्या महिन्यात कशी पत्रिका वाटली गेली, याची आठवण करून देणारे कुणीतरी त्या बैठकीत हमखास असते. विषय वरकरणी क्षुल्लक आहे. महागाई, बेकारी, उसाचा दर असे प्रश्न समोर असताना लग्नाच्या कागदावर अग्रपानाशेजारी जागा अडवावी काय, असे कोणी विचारील. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वात मोठ्या खर्चाचा पहिला दस्तऐवज हाच कागद असतो. पुढच्या सर्व खर्चाचा आकडा त्याच्यावर अदृश्य शाईने लिहिलेला असतो. म्हणून तो नीट वाचला पाहिजे.

या कागदाचे महत्त्व सरकारनेही मानले आहे. राज्यात १९९८ च्या कायद्यानुसार होणाऱ्या विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागितली जाते. ती नसल्यास प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि लग्नघरांना आपल्याच खात्यातून अडीच लाख रुपये काढण्याची खास मुभा देण्यात आली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने मागितलेल्या पुराव्यांत लग्नपत्रिकाही होती. गणपतीचे चित्र आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही शब्दावली असलेला कागद त्या दिवसांत बँकेच्या खिडकीवर चलनाइतकाच मोलाचा ठरला.

अक्षर स्वस्त झाले, यादी वाढली

पूर्वी पत्रिका खिळे जुळवून ट्रेडल यंत्रावर छापली जाई. एकेक अक्षर हाताने उचलून बसवावे लागे. मजकूर वाढला की जुळारीचे काम आणि त्याबरोबर बिलही वाढे. त्यामुळे पत्रिका आपोआप आटोपशीर राही. निमंत्रकाचे नाव, वधूवरांची नावे, तिथी, वार, वेळ, स्थळ आणि ‘अगत्य येण्याचे करावे’ अशी विनंती, एवढ्यावर काम भागे. बाहेरगावी ती उघड्या पाकिटातून बुकपोस्टाने जाई, जवळच्यांना कोपऱ्याला हळदकुंकू लावून हातोहात दिली जाई.

संगणकावर मजकूर जुळू लागला आणि जादा अक्षराची किंमत जवळजवळ शून्यावर आली. जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर वाढतो, हा आमच्या शास्त्रातील पहिला धडा आहे. पत्रिकेवर निमंत्रक आले, त्यांच्यामागून कार्यवाहक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आले. काका, मामा, आत्या, त्यांचे जावई आले. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पाळण्यातली किलबिल आली. आणि अखेरीस आमदार, खासदार, सभापती, संचालक यांची ‘प्रमुख उपस्थिती’ही आली. नाव छापणे फुकट, पण नाव वगळणे मात्र महाग. कारण वगळलेला भाऊबंद मांडवात फिरकत नाही. या विषमतेमुळे यादी फक्त वाढत जाते, कमी कधीच होत नाही. लग्नसोहळ्यात मान्यवरांच्या सत्कारासाठी मंगलाष्टके खोळंबतात आणि उपाशी पाहुणे घड्याळाकडे पाहत बसतात, त्याचे बीजही पत्रिकेवरील याच नामावळीत असते.

आता तर निमंत्रण वाटण्याचाही खर्च उरलेला नाही. पत्रिकेचे चित्र भ्रमणध्वनीवर एका बोटाने शेकडो जणांना पाठविता येते. पूर्वी घरातली दोन माणसे दोन-तीन आठवडे मोटारसायकलवरून गावोगाव हिंडत, तेव्हा थकलेले पायच यादीला लगाम घालीत. तो लगाम सुटला. निमंत्रण फुकट झाले, पण जेवणाचे ताट फुकट झालेले नाही. निमंत्रणाची किंमत शून्य आणि ताटाची शेकड्यांत, या दोहोंमधील दरीत आज अनेक पगारदार कुटुंबांची बचत नाहीशी होत आहे.

साधा हिशेब करून पाहू. समजा, एका कुटुंबाने पाचशे पत्रिका छापल्या. दहा रुपयांच्या साध्या पत्रिकेचे पाच हजार होतील. चाळीस रुपयांच्या भपकेदार पत्रिकेचे वीस हजार. फरक पंधरा हजारांचा. आता समजा, प्रत्येक पत्रिकेमागे सरासरी तीन माणसे जेवतात आणि ताटाला अडीचशे रुपये पडतात. शंभर पत्रिका कमी छापल्या, तर तीनशे ताटांचे पंचाहत्तर हजार वाचतात, म्हणजे भारी कागदावर जाणाऱ्या जादा रकमेच्या पाचपट. घरोघर वाद मात्र कागदावर होतो. यादीवर कोणी बोलत नाही. पत्रिका निवडणे म्हणजे कागदाची जाडी निवडणे नव्हे, पाहुण्यांची संख्या निवडणे होय, हे एकदा ध्यानात आले, की निम्मे प्रश्न नमुने चाळण्यापूर्वीच सुटतात.

टाचा उंचावण्याची शर्यत

मग शहाणी माणसेही भपक्याच्या मागे का लागतात? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली लिहिलेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. वस्तूच्या उपयोगासाठी नव्हे, तर आपली ऐपत लोकांना दिसावी म्हणून केलेला तो खर्च. फ्रेड हर्श यांनी १९७६ साली त्याच वाटेने पुढे जाऊन दाखविले, की नीट दिसावे म्हणून सारेच टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. आपल्या पेठेतील पत्रिकांची स्पर्धा ही तशीच आहे. एकाने पेटी वाटली, दुसऱ्याने पेटीत सुका मेवा घातला, तिसऱ्याने चांदीची मूर्ती घातली. मान पूर्वी जिथे होता तिथेच राहिला, खर्च तेवढा वर चढला. या शर्यतीत सर्वांत अधिक दमतो तो वधूपिता, कारण शर्यतीचा वेग पुष्कळदा दुसऱ्या बाजूने ठरविला जातो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. पण ‘आमच्या इतमामाला शोभेल असे लग्न करून द्या’ या वाक्यात हुंड्याचे नाव न घेता हुंडा मागता येतो.

लग्नखर्चालाच सर्व दारिद्र्याचे मूळ ठरविणेही बरोबर नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने, रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नकार्यावरील खर्चाला अवास्तव महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले होते. शेतसारा, पावसाची अनिश्चितता आणि सावकारी यांचा वाटा मोठा होता. गरिबाला उधळपट्टीचा दोष देऊन मोकळे होणे हा सुखवस्तूंचा आवडता छंद आहे. तो आपण टाळू. परंतु ज्यांचा पगार ठरलेला आहे, ज्यांना मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, त्या शिक्षक-कारकुनांच्या घरी लग्नाची उधळण ही थेट शिक्षणातून आणि म्हातारपणाच्या तरतुदीतून येते, हेही तितकेच खरे आहे.

या शहराला हा विचार नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी अल्प खर्चाचा, पुरोहिताविना सत्यशोधक विवाह घडवून आणला. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९११ साली कोल्हापुरात या समाजाची शाखा निघाली. महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग उभे करण्यास हात दिला आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. आज अनेक पत्रिकांच्या शिरोभागी फुले-शाहू-आंबेडकरांच्या प्रतिमा छापल्या जातात. प्रतिमा वरती आणि खाली दोनशे मानकऱ्यांची नामावळी, हा विरोध आपल्या डोळ्यांना खुपू नये, याचेच आश्चर्य वाटते. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका सुनेच्या मृत्यूने हुंड्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, तेव्हा मराठा समाजाच्या ठिकठिकाणच्या बैठकांत लग्नसमारंभांसाठी आचारसंहिता मांडल्या गेल्या; पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा हे त्यांतील एक कलम होते. त्या संहितेची पहिली कसोटी मांडवात नव्हे, छापखान्यात लागणार आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की साध्या पत्रिकांचा प्रसार झाला तर छापखान्यांच्या पोटावर पाय येईल. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते, हे खरे. पण भपकेदार पत्रिकेतील पैसा जातो कुठे, हेही पाहावे. तयार कोरी पत्रिका बहुधा मुंबई-दिल्लीच्या घाऊक बाजारातून येते. स्थानिक छापखान्याच्या वाट्याला तिच्यावर नावे उमटविण्याची मजुरी येते. त्याउलट साध्या कागदावर इथेच जुळविलेली, इथेच छापलेली आणि इथेच घडी घातलेली पत्रिका स्वस्त असूनही कमाईचा मोठा हिस्सा गावातच ठेवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पत्रिका घेऊन दारात जाणे हा नुसता उपचार नाही. तुटत आलेली भावकी त्यानिमित्ताने जुळते, असे वडीलधारे म्हणतात. अर्थशास्त्रही त्यांच्याच बाजूला आहे. आजारपणात, अपघातात, नोकरी गेल्यावर आपल्या समाजात जो आधार मिळतो तो विम्याच्या कंपनीकडून कमी आणि नातेवाइकांकडून अधिक; आणि प्रत्येक निमंत्रण हे त्या न लिहिलेल्या विम्याचे नूतनीकरण असते. म्हणूनच निमंत्रण बंद करा, असे कोणी म्हणू नये. परंतु आपलेपणा असतो तो दारात आलेल्या माणसात, त्याच्या हातातील पेटीत नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये महासाथीमुळे राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली, तेव्हा आजी-आजोबा येऊ शकले नाहीत याची हळहळ घरोघर वाटली. मान्यवर आले नाहीत म्हणून कोणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही. कोणती माणसे यादीत हवीत, याचे उत्तर त्या हळहळीतच होते.

मग पत्रिका कशी असावी? एका घडीची, एका रंगाची, वाचता येईल अशा अक्षरांची. तिच्यावर खरी वेळ असावी. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा छापून दीड वाजता अक्षता टाकणे ही पाहुण्यांच्या वेळेची चोरी आहे. देवदेवतांची चित्रे शक्यतो टाळावीत. ती छापली, की पत्रिका फेकवत नाही आणि ठेवववत नाही, आणि शेवटी पंचगंगेच्या घाटावर तिचे विसर्जन होते. वधू आणि वर या दोघांच्याही आयांची स्वतःची नावे असावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा नियम राज्याने केला. मग तिच्याच लेकीच्या पत्रिकेत ती केवळ ‘सौ. व श्री.’ मधील ‘सौ.’ का राहावी? आणि आई विधवा असली म्हणून निमंत्रकांत दीराचे नाव घालण्याची रीत तर या जिल्ह्याने मुळीच चालू ठेवू नये. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. त्या ठरावाचा अर्थ पत्रिकेच्या पहिल्या ओळीत दिसला पाहिजे.

एक अपेक्षा छापखान्यांकडूनही आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झालेले होते. पत्रिका छापण्यास घेताना वधूवरांच्या जन्मतारखेचा पुरावा पाहण्याचा प्रघात छापखान्यांनी आपणहून पाडला, तर कोणत्याही पोलिसाआधी बालविवाह थांबविण्याची संधी त्यांना मिळेल. मंगल कार्यालय ठरते, वाजंत्री ठरते, पण बहुधा त्या सर्वांच्या आसपासच कुणीतरी मजकूर घेऊन छापखान्याची पायरी चढतो.

या महिन्यात अनेक घरी ती बैठक बसेल. नमुन्यांचा गठ्ठा उघडण्यापूर्वी कोरा कागद घ्यावा, ज्यांच्यावाचून हे कार्य अपुरे वाटेल अशांची नावे लिहावीत आणि ती संपली की लेखणी थांबवावी. वाचलेल्या रकमेचे एक बँकपुस्तक वधूच्या स्वतःच्या नावे काढावे. लग्नानंतर आठवडाभरात पत्रिका रद्दीत जाते. ते पुस्तक मात्र तिला अडीअडचणीच्या दिवशी कोणापुढे हात पसरू देणार नाही.